‘बांगडो खडपात रवता काय?’

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा मुख्य सोहळा माझ्या गावाजवळ, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. मी तेव्हा आठवीत होतो. हाऊसच्या कॉमन रूममध्ये टीव्हीवर आधी युद्धनौका दिसल्या, मग विमाने, आणि मध्येच एकदा पाण्यातला सिंधुदुर्ग किल्ला दिसला. मी उठून ओरडलो, “ये मेरा गाँव है!” पंजाब, हरियाणा, बिहारचे मित्र हसले. डोंगरावरच्या या शाळेत बर्फ सगळ्यांनी पाहिला आहे, समुद्र पाहिलेले आम्ही थोडेच.

त्या दिवशी टीव्हीने एक गोष्ट सांगितली नाही आणि मलाही ती माहीत नव्हती. किल्ल्याभोवतीचे ते पाणी अभयारण्य आहे. महाराष्ट्र सरकारने १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्याभोवतीचा ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग हे गाभा क्षेत्र. म्हणजे पावणेदोन किलोमीटर लांब आणि साधारण तेवढाच रुंद चौकोन. आपली क्रॉस कंट्री त्याच्या दोन बाजूंपेक्षा लांब असते.

मी त्याच पाण्यात पोहायला शिकलो. आपण अभयारण्यात पोहतो आहोत असे मला कधी वाटले नाही, कारण तसे वाटावे असे तिथे काही दिसत नाही. होड्या जातात, जाळी पडतात, पर्यटकांच्या बोटी नांगर टाकतात. अभयारण्य आहे हे मला कळले ते इथे, दोन हजार किलोमीटर दूर, शाळेच्या ग्रंथालयात, वादविवाद स्पर्धेची तयारी करताना.

गेल्या नोव्हेंबरच्या आंतर-हाऊस वादविवादाचा विषय होता, किनाऱ्यालगतच्या निवडक समुद्रात मासेमारी पूर्ण बंद करावी की नाही. चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. चार मिनिटांचे इंग्रजी भाषण मी पाठ केले. न्यूझीलंडमध्ये लीजवळ १९७५ साली समुद्राचा एक छोटा पट्टा कायमचा बंद झाला. तिथे आधी मोठे मासे आणि शेवंडी मारल्या गेल्याने समुद्री साळिंद्रे म्हणजे काटेरी अर्चिन माजले होते आणि त्यांनी खडकावरचे समुद्री गवत खाऊन खडक उघडे पाडले होते. बंदीनंतर मासे आणि शेवंडी वाढल्या, त्यांनी अर्चिन खाल्ले, गवत परत आले. मग मी आवाज चढवून म्हणालो, माझ्या गावात हे झाले तर माझ्या आजोबांचे रिकामे जाळे पुन्हा भरेल. टाळ्या पडल्या. आमचे हाऊस जिंकले.

डिसेंबरच्या सुट्टीत दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून घरी गेलो आणि तेच भाषण मराठीत आजोबांना ऐकवले.

आजोबा रापणकार आहेत. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लांबच लांब जाळे होडीतून समुद्रात नेतात आणि अर्धगोलात सोडतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. पन्नास-साठ माणसे दोन रांगांत उभी राहून ते दोर ओढतात, मागे मागे सरकत, एका तालात. हळूहळू जाळ्याचा गोल लहान होतो आणि मधली पिशवी वाळूवर येते. मासळीचे वाटे पडतात. वाटेने जाणाऱ्या कोणी दोराला हात लावला तर तोही घरी कालवणापुरते मासे नेतो. आपल्या रस्सीखेचीत समोर दुसरा संघ असतो, रापणीत समोर समुद्र असतो, एवढाच फरक.

त्या सकाळी मीही दोर ओढला होता. दोन तासांच्या ओढण्यानंतर जे आले ते असे: थोडे पेडवे, चार-पाच बांगडे, जेली आणि प्लास्टिकच्या पिशव्या. वाट्याला काय आले ते सांगत नाही. आजोबा वाळूत बसून जाळ्यातला कचरा वेचत होते आणि मी त्यांना न्यूझीलंड सांगत होतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “जिंकलंस मा? बरा झाला. मगे आता माका सांग, बांगडो खडपात रवता काय?”

खडप म्हणजे पाण्यातला खडक. बांगडा खडकात राहतो का, असे त्यांनी विचारले.

नाही राहत. तांबोशी, गोबरा, शेवंड, कुर्ल्या ही खडपातली मंडळी. बांगडा आणि तारली थव्याने फिरणारे मासे. आज इथे तर उद्या कुठे. “तो येतलो नि जातलो. खडप बंद करून बांगडो कसो वाढतलो?” चार मिनिटांत जिंकलेला वादविवाद मी अर्ध्या मिनिटात हरलो. शाळेत परीक्षक तिघे होते. त्यांच्यापैकी एकानेही हा प्रश्न विचारला नाही, यात त्यांचा दोष नाही, विचारायला बांगडा ओढलेला माणूस लागतो.

त्यानंतर सुट्टीभर मी याच गोष्टीचा विचार केला. माझे मत बदलले का? अर्धे बदलले. किल्ल्याभोवतीच्या खडपाचा एक भाग पूर्णपणे बंद व्हायला हवा, हे मला अजूनही ठामपणे वाटते. पण तो कशासाठी बंद करायचा, आधी कोणाला थांबवायचे आणि रेघ कोणी मारायची, याबद्दल मी स्पर्धेत जे बोललो ते कच्चे होते.

खडपाला विश्रांती का हवी ते मी स्वतः पाहिले आहे. माझे बाबा पूर्वी रापणीत होते. दहा वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून बोट घेतली आणि आता ते पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतात. या शाळेत मी शिकतो त्यातला बराच खर्च त्या बोटीतून येतो. गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. किल्ल्याजवळ एकाच वेळी वीसेक बोटी होत्या. प्रत्येकीचा नांगर खाली. मी मास्क लावून पाण्यात उतरलो. नांगर ओढला गेला होता तिथे प्रवाळावर पांढरी चर पडली होती, भिंतीवरून खिळा ओढावा तशी. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत आहे आणि फार हळू वाढतो. आपण सहावीतून बारावीत जाऊ तेवढ्या काळात त्यातल्या काही जाती हाताच्या बोटाएवढ्याही वाढत नाहीत. वरून एक काका बिस्किटे टाकत होते, मुलांना मासे दिसावेत म्हणून. मासे आलेही. मुले खूश झाली. ती चर मात्र कोणाला दिसली नाही, आणि बाबांना मी ती दाखवली नाही.

अशा खडपात पूर्ण बंदीचा उपयोग होतो, कारण तिथले मासे तिथेच राहतात. न मारलेला मासा म्हातारा होतो, मोठा होतो. दुप्पट लांबीच्या मादीचे वजन दुप्पट नसते, साधारण आठपट असते, आणि तिची अंडीही त्याच हिशेबाने कितीतरी जास्त. ही अंडी आणि पिल्ले प्रवाहाबरोबर बंद भागाच्या बाहेर जातात. तिथे ज्याला मारायचे त्याने मारावे. शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही, तसेच हे.

मेक्सिकोतल्या काबो पुल्मो या गावाची गोष्ट यासाठी मोलाची आहे. तिथल्या प्रवाळाच्या समुद्रात मासे संपत आले होते. गावातल्या मच्छीमारांनीच पुढाकार घेतला आणि १९९५ साली ७१ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९९९ ते २००९ या काळात तिथल्या माशांचे एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. कायद्याने त्या उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भागच मासेमारीला पूर्ण बंद होता. उरलेला भाग गावकऱ्यांनी आपणहून बंद ठेवला. कागदावर होते त्यापेक्षा जास्त त्यांनी पाळले. मालवणात कागदावर आहे तेवढेही कोणी पाळत नाही. दोन्हीकडे माणसेच आहेत, मग फरक कुठे पडला?

याचे उत्तर मला आपल्या फायरिंग रेंजवर मिळाले.

रेंजच्या मागचा उतार आपल्यासाठी आऊट ऑफ बाउंड्स आहे, पण तिथले गवत खालच्या वाडीतले लोक वर्षानुवर्षे कापत आले आहेत. फायरिंगच्या दिवशी एकही माणूस किंवा गाय तिकडे येत नाही. मी उस्तादांना विचारले, हे लोक ऐकतात कसे? उस्ताद म्हणाले, “ऐकतात, कारण आपण सांगतो.” फायरिंगची तारीख वाडीत आधी कळवली जाते. त्या दिवशी लाल झेंडा चढतो, तो दुरून दिसतो. संत्री उभा असतो. फायरिंग संपले की झेंडा उतरतो आणि गवत पुन्हा त्यांचे. झेंडा कधी विनाकारण चढत नाही, आणि झेंडा चढलेला असताना आपल्यातलाही कोणी, अगदी वरिष्ठ अधिकारीसुद्धा, तिथून शॉर्टकट मारत नाही.

मालवणच्या अभयारण्याला झेंडा नाही, म्हणजे पाण्यात दिसेल अशी सीमा नाही. आणि सांगणे तर मुळात चुकले. घोषणा झाली तेव्हापासून मच्छीमारांचा तिला विरोध आहे, कारण आपला धंदा बंद होणार एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचले. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली एक दुरुस्ती झाली. तिच्यानुसार किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर त्याच्या सीमा केंद्र सरकारच्या मुख्य नौदल जलसर्वेक्षकांशी सल्लामसलत करून, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याचे पुरेसे उपाय करून मगच ठरवायच्या. किती शहाणे कलम! पण मालवणची रेघ त्याच्या चार वर्षे आधी मारून झाली होती. (नौदलाचे जलसर्वेक्षण कार्यालय डेहराडूनला आहे. समुद्राची खोली मोजणारे कार्यालय हिमालयाच्या पायथ्याशी असते हे वाचून मला जरा धीर आला. डोंगरात बसून समुद्रावर मत मांडणारा मी एकटाच नाही.)

नुसते मालवणच असे फसले असेही नाही. स्कॉटलंडच्या सरकारने आपल्या समुद्राचा किमान १० टक्के भाग २०२६ पर्यंत अतिसंरक्षित करायचे ठरवले होते. तिथे बेटांवरच्या मच्छीमारांनी एवढा विरोध केला की जून २०२३ मध्ये सरकारला तो बेत मागे घ्यावा लागला. ते लोक काही समुद्राचे शत्रू नव्हते. आधी टक्का ठरला आणि मग जागा शोधायला निघाले, हे त्यांना झोंबले. मला हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट मान्य केले आहे. त्यात भारतही आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण २०३० जवळ आले की नकाशावर भराभर रंग भरले जातील अशी मला भीती वाटते. पेन्सिलने रंगवलेल्या समुद्रात एकही जादा मासा जन्माला येत नाही.

आता आजोबांच्या बांगड्याकडे येतो. तो खडपात राहत नाही, मग कमी का झाला? त्याची कारणे एकाहून जास्त असणार, समुद्राचे पाणी तापते आहे हेही त्यात आहे. पण किनाऱ्यावरून जे दिसते ते सांगतो. पर्ससीन जाळे थव्याला भिंतीसारखा वेढा घालते आणि मग खालचा दोर बटव्याच्या नाडीसारखा आवळतात. थव्यातला एकही सुटत नाही. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री समुद्रावर प्रखर दिवे लावायचे, मासे उजेडाकडे येतात, मग बटवा आवळायचा. रापण किनाऱ्याला आलेल्या माशाची वाट पाहते. पर्ससीन त्याला किनाऱ्याला येऊच देत नाही.

असे नाही की यावर नियम नाहीत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधने आणली, मुदत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली. एलईडीच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टी संपता संपता, मी रात्री आजोबांबरोबर किनाऱ्यावर बसलो होतो तेव्हा क्षितिजावर उजेडाची ओळ होती. दिवाळीत लांबच्या गावातली रोषणाई दिसावी तशी. आजोबांनी तिकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “आधी तो दिवो बंद करा, मगे माझो पाग मागूक येवा.”

पाग म्हणजे एका माणसाने हाताने फेकायचे जाळे.

मला वाटते, या वाक्यात जे आहे ते कुठल्याही सागरी अभयारण्याच्या आराखड्यात पहिल्या पानावर असायला हवे. नियम मोडणारी मोठी बोट सुटते आणि कायद्याचा बोर्ड पागवाल्याच्या दारात लागतो, असे झाले तर पागवाला बोर्ड उखडणारच. आपल्याकडेही तेच आहे. सिनियर उशिरा आला तर चालते आणि ज्युनियरला तेवढ्यासाठी एक्स्ट्रा ड्रिल, असे ज्या हाऊसमध्ये होते तिथे वेळ कोणीच पाळत नाही. (आमच्या हाऊसमध्ये असे होत नाही, हे हाऊस मास्टर सरांच्या माहितीसाठी.)

काही जण म्हणतात, मग कायदा नकोच, मच्छीमारांवर सोडून द्या, ते आपोआप सांभाळतील. हे ऐकायला गोड आहे. मच्छीमारांना सांभाळता येते याचे पुरावेही आहेत. माझ्या शेजारच्या बेडवरचा मित्र तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातला आहे. तिकडे मन्नारच्या आखातात २१ बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८६ साली झाले. त्या किनाऱ्यावरच्या बाया समुद्रात बुडी मारून शेवाळ काढतात आणि त्यावर घर चालवतात. उद्यान झाल्यावर त्यांना बेटांकडे जायची अडचण झाली. तरी त्यांनी आपसांत ठरवले, महिन्यातून बाराच दिवस शेवाळ काढायचे, म्हणजे उरलेल्या दिवसांत ते वाढेल. कोकणातही पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावरच पाण्यात लोटायच्या, ही रीत १ जून ते ३१ जुलैच्या सरकारी बंदीच्या कितीतरी आधीची आहे. आणि देवराई तर आपल्याला माहीतच आहे. तिच्यातली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही आणि तिला एकही वनरक्षक नसतो.

पण देवराई एका गावाची असते आणि समुद्र सगळ्यांचा असतो. मालवणच्या रापणकारांनी शपथ घेतली तरी ती दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आलेल्या ट्रॉलरला कशी बांधील? त्याला अडवायला गस्तीनौका लागते, दंड करायचा अधिकार लागतो. तिथे कायदाच हवा. म्हणून मला दोन्ही हवे आहेत. रेघ गावाने मारायची आणि बाहेरच्यापासून ती सरकारने राखायची. आत्ता उलटे आहे. रेघ सरकारने मारली आहे आणि ती कोणी राखावी हे ठरलेले नाही.

माझी मागणी मोठी नाही. २९ चौरस किलोमीटर बंद करा असे मी म्हणत नाही. तेवढे बंद केले तर रापण, पाग, कालवे काढणाऱ्या बायका, सगळेच उपाशी राहतील. गाभा क्षेत्राचेही सगळे ३.१८ चौरस किलोमीटर पहिल्या दिवशी मागायची गरज नाही. त्यातला खडपाचा एकच तुकडा घ्यावा. कोणता, ते रापण संघांनी आणि खडपाची रोज ओळख असलेल्या डायव्हिंगच्या पोरांनी मिळून दाखवावे, शास्त्रज्ञांनी खाली उतरून तो तपासावा. त्याच्या चारी बाजूंना दुरून दिसतील असे रंगीत बोये लावावेत. तोच आमचा लाल झेंडा. आत पाच वर्षे काही म्हणजे काही नाही. जाळे नाही, गळ नाही, नांगर नाही, बिस्किटेही नाहीत. मन्नारमधल्या बायांनी केली तशी मोजदाद आणि पाळी इथेही गावातच ठेवावी. गस्तीची होडी गावातल्या मुलांची असावी आणि त्यांना पगार असावा, कारण फुकट उभा राहणारा संत्री दुसऱ्या दिवशी दिसत नाही. पाच वर्षांनी सगळ्यांसमोर मोजावे. मासे वाढले नसतील तर बोये काढून टाकावेत.

आणि मासे मोजताना बांगड्याचे खोटे आश्वासन कोणी देऊ नये. खडप बंद केले तर खडपातले मासे वाढतील. बांगड्यासाठी दिवे बंद करावे लागतील. हे दोन वेगळे हिशेब आहेत. मी स्पर्धेत ते एकत्र केले आणि टाळ्या घेतल्या, याची मला अजून लाज वाटते.

त्या तुकड्यातून सगळ्यात आधी कोणी बाहेर पडावे? पागवाल्याने नाही. पर्यटकांच्या बोटींनी, म्हणजे आमच्या बोटीने. ज्यांची कमाई त्या खडपाच्या सौंदर्यावर चालते त्यांनीच त्याच्यावर नांगर टाकावा, हे मला पटत नाही. बोटींसाठी बाहेर, वाळूच्या तळावर, काँक्रीटचे ठोकळे टाकून त्यांना साखळीने बोये बांधता येतात. बोट त्या बोयाला बांधायची, मग नांगर टाकावाच लागत नाही. पर्यटकांना थोडे लांब पोहावे लागेल. पोहू देत.

हा अंक पालकही वाचतात. त्यामुळे हे छापायला देण्याआधी मी रविवारी घरी फोन केला आणि बाबांना विचारले, आपल्या नांगराचे लिहू का? मे महिन्यातल्या त्या पांढऱ्या चरीचेही तेव्हाच सांगितले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले फोन कट झाला. मग म्हणाले, “लिही. पण बोयाचो खर्च कोण करतलो, ता पण लिही.”

तर लिहितो. तो खर्च तिकिटातून यावा. किल्ल्याभोवती पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पर्यटकाकडून काही रुपये खडपाचे म्हणून वेगळे घ्यावेत, आणि ते पैसे मुंबईला न जाता मालवणातच, बोटवाले आणि रापणकार दोघे बसतील अशा समितीच्या खात्यात जमा व्हावेत. बाबांना हे मान्य आहे. त्यांच्याबरोबरच्या इतर बोटवाल्यांना मान्य आहे का ते बाबा विचारणार आहेत. दोघे आताच नाही म्हणाले आहेत.

आजोबांचे सांगायचे राहिले. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारले, समजा, तुम्हालाच रेघ मारायला सांगितली तर कुठून कुठे माराल? त्यांनी काठी घेतली आणि ओल्या वाळूत किल्ला काढला, पद्मगड काढला, मग एकेक खडप नावाने सांगत काढले. त्यातली कितीतरी नावे मी कधी ऐकली नव्हती. दोन खडपांच्या मध्ये काठी टेकवून त्यांनी एक लहानसा गोल केला. हिथे शेवंड अंडी घालता, म्हणाले. तो गोल सरकारच्या गाभा क्षेत्रापेक्षा बराच लहान होता. मी फोन काढून त्याचा फोटो घेतला.

त्या गोलात पाग टाकणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. मी विचारलेही. त्यांनी काठीनेच क्षितिजाकडे खूण केली. अजून उजेड होता म्हणून तिकडे काही दिसत नव्हते.